मेंदूत हवा भरून पाहणारा डॉक्टर

बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना वेगळे सांगायला नको की ड्रायव्हरच्या घरातले घड्याळ गाडीच्या वेळेवर चालते. वडील कधी मध्यरात्री ड्यूटीवर निघतात, कधी भर दुपारी झोपलेले असतात आणि पोरांना आवाज न करण्याची सवय आपोआप लागते. भुसावळ-नागपूरच्या मधल्या या जंक्शनसारखेच रेल्वेवर जगणारे एक गाव अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात आहे. त्याचे नाव सेडालिया. तिथे जॉन डँडी नावाचे एक इंजिन ड्रायव्हर राहत. ते मूळचे इंग्लंडचे, पत्नी रेचेल आयर्लंडच्या. ६ एप्रिल १८८६ रोजी त्यांना मुलगा झाला, एकुलता एक. त्याचे नाव वॉल्टर.

आज घरातल्या म्हाताऱ्या माणसाची चाल बिघडली, तोल जाऊ लागला की अमरावती, अकोल्याला नेऊन डोक्याचा सीटी स्कॅन होतो. काही मिनिटांत मेंदूचे आतले चित्र हातात येते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही सोय जगात कुठेच नव्हती. जिवंत माणसाच्या मेंदूच्या आत काय चालले आहे, ते पद्धतशीरपणे चित्रात पकडण्याची पहिली युक्ती या ड्रायव्हरच्या मुलाने शोधली. ही युक्ती इतकी साधी होती की ऐकणाऱ्याला आजही खरे वाटत नाही, आणि रुग्णासाठी इतकी त्रासाची होती की ऐकवत नाही.

वॉल्टर शाळेत पहिला येणारा मुलगा. मिसुरी विद्यापीठातून १९०७ मध्ये पदवी घेऊन तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालयात गेला. आधीचा अभ्यास चांगला असल्याने त्याला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला आणि १९१० मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, तो डॉक्टर झाला. त्या काळी हॉपकिन्समध्ये शस्त्रक्रियेचे प्रमुख होते विल्यम हॉल्स्टेड आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया घालत होते हार्वी कुशिंग. कुशिंग यांच्या हाताखाली प्राण्यांवरील प्रयोगशाळेत एक वर्ष आणि मग रुग्णालयात एक वर्ष काम करण्याची संधी डँडींना मिळाली. कोणत्याही तरुण डॉक्टरला हेवा वाटावा, अशीच ती जागा.

पण गुरू-शिष्याचे पटले नाही. कुशिंग शिस्तीचे, टापटिपीचे आणि आपल्या शब्दापुढे कुणी जाऊ नये असे मानणारे. डँडी हट्टी, तापट आणि मनात आले ते तोंडावर बोलणारे. १९१२ मध्ये कुशिंग बोस्टनच्या नव्या रुग्णालयात प्रमुख म्हणून गेले. आपल्यालाही ते सोबत नेणार, असे डँडी धरून चालले होते. अगदी शेवटी कळले की त्यांचे नाव यादीत नाही. इकडे हॉपकिन्समध्येही त्यांची जागा निश्चित नव्हती. हाती पदवी आहे, डोक्यात कामे आहेत आणि उद्या कुठे बसायचे ते माहीत नाही, अशी ती अवस्था होती. रुग्णालयाने त्यांना तात्पुरता आसरा दिला आणि पुढे हॉल्स्टेड यांनी त्यांना आपल्या विभागात ठेवून घेतले. मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात या ठेवून घेण्याला फार मोल आहे, कारण त्या अनिश्चित काळातच डँडींनी आपला सर्वांत पायाभूत अभ्यास सुरू केला होता. विषय होता डोक्यात होणारे पाणी.

डोक्यात पाणी झाले, हा शब्दप्रयोग आपल्याकडे सर्रास वापरतात, पण पाणी तर प्रत्येकाच्या डोक्यात असते. मेंदूच्या पोटात एकमेकींना जोडलेल्या चार पोकळ्या आहेत. त्यांना व्हेंट्रिकल म्हणतात. या पोकळ्यांच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांची लव असते आणि तिच्यातून स्वच्छ पाण्यासारखा द्रव पाझरत राहतो. दिवसाला साधारण अर्धा लिटर द्रव तयार होतो, पण एका वेळी डोक्यात आणि पाठीच्या कण्यात मिळून तो असतो अवघा १५० मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे जितका तयार होतो, तितका रोज शोषलाही जातो. पोकळ्यांतून अरुंद वाटेने तो मेंदूच्या बाहेर येतो, मेंदू आणि कण्याभोवती फिरतो आणि शेवटी रक्तात मिसळतो. नळ सतत चालू आणि मोरीही सतत वाहती, असा हा संसार आहे. मोरी तुंबली की पोकळ्या फुगतात. लहान बाळाची कवटी अजून जुळलेली नसते, म्हणून त्याचे डोकेच मोठे होत जाते. मोठ्या माणसाची कवटी पक्की असते, तिथे दाब मेंदूवर पडतो. याला हायड्रोसेफॅलस म्हणतात.

हे सगळे आज चार ओळींत सांगता येते. १९१२ मध्ये ते कुणालाच नीट ठाऊक नव्हते. पाणी कुठून येते, कुठे जाते, यावर नुसते तर्क होते. डँडींनी केनेथ ब्लॅकफॅन या बालरोगतज्ज्ञांना सोबत घेतले आणि कुत्र्यांवर प्रयोग केले. दोन पोकळ्यांना जोडणारी जी सर्वांत अरुंद वाट आहे, तिच्यात त्यांनी कापसाचा बारीक बोळा बसवला. काही आठवड्यांत वरच्या पोकळ्या फुगल्या. मोरी तुंबली की पाणी साचते, हे असे सिद्ध झाले. मग रुग्ण मुलांमध्ये त्यांनी एक रंगद्रव्य वापरले. ते मेंदूच्या पोकळीत सोडायचे आणि थोड्या वेळाने कमरेतून, मणक्यांच्या मधून पाणी काढून पाहायचे. कमरेच्या पाण्यात रंग दिसला तर वाट मोकळी आहे आणि दोष शोषणात आहे. रंग दिसला नाही तर वाटच बंद आहे. १९१३ आणि १९१४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. हायड्रोसेफॅलसचे जे दोन मोठे प्रकार आज वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांना शिकवले जातात, ते या कामातून पक्के झाले.

प्रश्न मात्र उरलाच. वाट बंद आहे हे कळले, पण कुठे बंद आहे? पोकळी किती फुगली आहे? तिला एखादी गाठ बाजूला ढकलते आहे का? हे बघायचे कसे? एक्स-रेचा शोध १८९५ मध्ये लागला होता आणि हाडे मोडली की फोटो काढणे एव्हाना नित्याचे झाले होते. पण मेंदू आणि मेंदूतले पाणी, दोन्ही एक्स-रेच्या दृष्टीने जवळपास सारखेच. फोटोत कवटी दिसायची आणि तिच्या आत नुसते धुके. डोक्यात गाठ असलेला रुग्ण आला तर डॉक्टर त्याचे हातपाय, डोळे, बोलणे तपासून गाठीचा अंदाज बांधत आणि त्या अंदाजावर कवटी उघडत. पुष्कळदा उघडल्यावर तिथे काहीच नसे.

डँडींनी आधी सरळ मार्ग धरला. एक्स-रेमध्ये पांढरे दिसेल असे औषध पोकळीत सोडायचे. थोरियमचे क्षार, आयोडाइड, बिस्मथ, चांदीची संयुगे, असे एकेक त्यांनी कुत्र्यांवर करून पाहिले. सगळीच मेंदूला घातक निघाली. मग दिशा उलटी झाली. पाण्यापेक्षा पांढरे दिसणारे काही चालत नसेल, तर पाण्यापेक्षा काळे दिसणारे काय आहे? हवा. पोटाचा एक्स-रे काढला की आतड्यातली हवा काळी ठळक दिसते, इतकी की मागच्या हाडाला तिने भोक पाडल्यासारखे वाटते. हॉल्स्टेड ही गोष्ट आपल्या सहकाऱ्यांच्या वारंवार नजरेस आणून देत. शिवाय १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या लुकेट या शल्यचिकित्सकांनी एक विलक्षण फोटो छापला होता. ट्रामच्या धडकेत कवटी फुटलेल्या एका माणसाच्या मेंदूच्या पोकळ्यांत हवा शिरली होती आणि त्या पोकळ्या एक्स-रेमध्ये स्पष्ट उमटल्या होत्या. अपघाताने दिसलेली ही गोष्ट मुद्दाम घडवून आणावी, असे मात्र कुणाच्या मनात आले नव्हते.

१९१८ मध्ये डँडींनी ती घडवून आणली. तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. सुरुवातीचे रुग्ण लहान मुले होती. तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसते, तिथून सुई पोकळीपर्यंत नेता येते. मोठ्या मुलाच्या कवटीला बारीक छिद्र पाडावे लागे. थोडे पाणी काढायचे, तितकीच हवा आत सोडायची, पुन्हा थोडे पाणी, पुन्हा तितकीच हवा. मग डोके वेगवेगळ्या बाजूंना वळवून एक्स-रे काढायचे, म्हणजे हवा वर चढून प्रत्येक कोपरा दाखवते. फोटोत मेंदूच्या पोकळ्या काळ्या आकृतीसारख्या उमटल्या. कुठे फुगल्या आहेत, कुठे थांबल्या आहेत, कुठे एका बाजूला सरकल्या आहेत, सगळे दिसू लागले. पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, त्यांनी कवटीला हात न लावता कमरेतून हवा सोडण्याची पद्धत मांडली. रुग्णाला बसवून कमरेतून सोडलेली हवा आपोआप वर डोक्यात जाते. या दुसऱ्या पद्धतीला न्यूमोएन्सेफॅलोग्राफी असे लांबलचक नाव मिळाले.

रुग्णाच्या बाजूने पाहिले तर हा प्रकार सोपा नव्हता. मेंदूभोवतीचे पाणी गेले, त्या जागी हवा आली की डोके फुटेल असे दुखायचे. उलट्या, घाम, चक्कर. ही हवा शरीरात शोषली जाईपर्यंत एक-दोन दिवस, कधी जास्तही, रुग्ण अंधाऱ्या खोलीत डोके धरून पडून राही. डोक्यात मोठी गाठ असेल आणि कमरेतून पाणी काढले, तर वरचा मेंदू खाली दाबला जाऊन जीव जाण्याचा धोका असे. म्हणून गाठीचा संशय असेल तिथे डँडी कवटीतूनच हवा सोडण्याचा आग्रह धरत. तरी काही रुग्ण या तपासणीत दगावले. बोस्टनहून कुशिंग यांनी या पद्धतीवर टीका केली. त्यांचा भर रुग्णाला हाताने आणि डोळ्यांनी तपासण्यावर होता आणि नुसत्या फोटोवर विसंबणाऱ्या सर्जनची पिढी तयार होईल, अशी त्यांना भीती वाटे. ती भीती अगदीच निराधार नव्हती, हे आजचे सीटी-एमआरआयचे गठ्ठे पाहून कुणालाही पटेल. पण गाठ डावीकडे असताना उजवीकडे कवटी उघडली जाण्यापेक्षा दोन दिवसांची डोकेदुखी परवडली, हा डँडींचा मुद्दाही खोडता येण्याजोगा नव्हता. पुढच्या काही वर्षांत जगभरच्या मेंदूच्या शस्त्रक्रियागृहांनी हवेची तपासणी स्वीकारली.

या दोघांचे वैर पुढे आयुष्यभर टिकले. कानाच्या नसेवर वाढणारी गाठ संपूर्ण काढता येते, असे डँडींनी १९२२ मध्ये छापले तेव्हाही कडवटपणा आला. कुशिंग १९३९ मध्ये गेले, तोवर समेट झाला नाही. दोघांनीही एकमेकांच्या श्रेयाबाबत मन मोठे केले नाही, असेच म्हणावे लागते. दोघांच्याही रुग्णांचे मात्र त्यात नुकसान झाले नसावे. स्पर्धेमुळे दोन्हीकडची शस्त्रक्रिया सुधारतच गेली.

डँडी शस्त्रक्रियागृहात भयंकर होते. हत्यार वेळेवर हातात आले नाही की आवाज चढे. शिकाऊ डॉक्टरांना त्यांनी कितीदा कामावरून काढले आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा कामावर कसे दिसले, याच्या कहाण्या हॉपकिन्समध्ये चालत. पण शिक्षक, धर्मोपदेशक, डॉक्टर-परिचारिका आणि गरीब यांच्याकडून ते फी घेत नसत. दूरगावाहून आलेल्या एखाद्याकडे परतीचे पैसे नसतील तर स्वतःच्या खिशातून देत. इंजिन ड्रायव्हरच्या घरात वाढलेल्या माणसाला प्रवासाला पैसे लागतात, हे समजावून सांगावे लागले नसावे.

१९२३ मध्ये त्यांनी आपल्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठी तीन खाटांची वेगळी खोली सुरू केली आणि तिथे चोवीस तास प्रशिक्षित परिचारिका ठेवल्या. आज जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या अतिदक्षता विभागाचा हा आद्य नमुना मानला जातो. १९२४ मध्ये सॅडी मार्टिन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्यांना चार मुले झाली. कामाचा झपाटा तसाच राहिला. १९३७ मध्ये मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिनीच्या मुळाशी चांदीची छोटी क्लिप लावून ती बंद करण्याची पहिली शस्त्रक्रिया त्यांनी केली. त्याच वर्षी जुलैमध्ये एक प्रसंग घडला, त्यावरून त्यांचे नाव तेव्हा किती मोठे होते ते कळते. प्रसिद्ध संगीतकार जॉर्ज गर्श्विन लॉस एंजेलिसमध्ये बेशुद्ध पडले. डँडी त्या वेळी मेरिलँडच्या गव्हर्नरसोबत बोटीवर होते. त्यांना समुद्राच्या खाडीतून शोधून काढून विमानतळावर आणले गेले. पण रुग्णाकडे तितका वेळ नव्हता. तिथल्या सर्जननी डँडींचीच हवेची तपासणी वापरून गाठीची जागा ठरवली आणि शस्त्रक्रिया केली. ११ जुलैला गर्श्विन गेले. ते अवघे ३८ वर्षांचे होते. आणखी एक उल्लेख जाता जाता करायला हवा. १९४१ मध्ये बेसबॉल खेळाडूंच्या टोपीत बसतील अशा संरक्षक पट्ट्या तयार करण्यात डँडींचा हात होता. आज हेल्मेट घालून फलंदाजी करणाऱ्या प्रत्येकाचे हे जुने देणे आहे.

एवढ्या यशात एक मोठे अपयश आहे आणि या लेखाचा विषय तिथेच येतो. हायड्रोसेफॅलस का होतो, हे डँडींनी दाखवले. तो कसा दिसतो, हेही दाखवले. पण त्यावर भरवशाचा उपाय त्यांना मिळाला नाही. पाणी तयार करणारी पोकळीतली लवच काढून टाकावी, म्हणजे नळच बंद होईल, या विचाराने त्यांनी १९१८ मध्ये बालकांवर शस्त्रक्रिया केल्या. पहिल्या काही बालकांपैकी बहुतेक दगावली. १९२२ मध्ये त्यांनी तिसऱ्या पोकळीला छिद्र पाडून पाण्याला आडवाटेने सोडण्याची शस्त्रक्रिया केली. ती कल्पना बरोबर होती. दुर्बिणीतून हीच शस्त्रक्रिया आजही करतात. पण त्यांच्या हातातल्या साधनांनी ती फार थोड्यांना तारू शकली. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले होते, ते मिळाले नाही. १९ एप्रिल १९४६ रोजी, साठावा वाढदिवस होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १९४९ मध्ये, फिलाडेल्फियाला न्यूल्सेन आणि स्पिट्झ या डॉक्टरांनी एका बाळाच्या डोक्यातले पाणी झडप असलेल्या नळीने रक्तात सोडले. ही नळी म्हणजे शंट. १९५६ मध्ये जॉन होल्टर या तंत्रज्ञाने स्वतःच्या बाळासाठी सिलिकॉनची टिकाऊ झडप बनवली आणि शंट खऱ्या अर्थाने वापरात आला. आजकाल नळीचे दुसरे टोक बहुधा कातडीखालून पोटात नेतात. डँडींना हे पाहायला मिळाले नाही.

पण त्यांची हवा अजून काम करत होती. १९५७ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरात, सॅलोमोन हाकिम या तरुण न्यूरोसर्जनकडे १६ वर्षांचा एक मुलगा होता. मोटारीच्या अपघातात डोक्याला मार लागला होता. साकळलेले रक्त काढूनही तो शुद्धीवर येईना. हवेच्या तपासणीत मेंदूच्या पोकळ्या फुगलेल्या दिसल्या. हाकिम यांनी कमरेतून पाणी काढताना दाब मोजला. तो नेहमीइतकाच निघाला. पुस्तकाप्रमाणे विषय तिथेच संपायला हवा होता. पण तपासणीसाठी काढलेल्या १५ मिलिलिटर पाण्याने दुसऱ्या दिवशी मुलगा बोलू लागला. काही दिवसांत पुन्हा मंदावला, पुन्हा पाणी काढले, पुन्हा सुधारला. शंट बसवल्यावर तो शाळेत परत गेला. पोकळ्या मोठ्या आहेत, दाब मात्र नॉर्मल आहे आणि तरीही पाणी काढल्यावर माणूस उठतो, अशा आजाराला पुढे नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस हे नाव पडले. हाकिम, बोस्टनचे रेमंड अॅडम्स आणि सहकाऱ्यांचा याविषयीचा लेख १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला.

हा आजार मुख्यतः साठीनंतर होतो आणि हळूहळू येतो. आधी चाल बिघडते. पाय जमिनीला चिकटल्यासारखे घसटत जातात, वळताना पाच-सहा पावले लागतात, दोन पायांत अंतर वाढते. मग लघवी आवरत नाही. विस्मरण, मंदपणा येतो. घरचे म्हणतात, वय झाले. वऱ्हाडातल्या किती घरांत अशी माणसे खाटेला लागली आणि तशीच गेली, याचा हिशेब कुणाकडे नाही. विस्मरणाचे बहुतेक आजार उलटवता येत नाहीत. ज्या थोड्यांवर काही करता येते, त्यांत हा एक आहे, म्हणून तो चुकणे परवडत नाही.

तरी नुसत्या चित्रावर भिस्त ठेवून चालत नाही. वयानुसार किंवा अल्झायमरमध्ये मेंदू आकसला की रिकाम्या जागेत पाणी भरतेच आणि पोकळ्या मोठ्या दिसतात. फुगलेल्या पोकळीचे मोजमाप ठरवले विल्यम इव्हान्स यांनी १९४२ मध्ये, तेही डँडींच्या हवेच्या फोटोंवरूनच. पोकळीच्या पुढच्या शिंगांची रुंदी त्याच पातळीवरच्या कवटीच्या आतल्या रुंदीने भागायची. उत्तर ०.३ पेक्षा जास्त आले तर पोकळी मोठी. सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाची तपासणी १९७१ मध्ये झाली आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत हवेची तपासणी मागे पडली. इव्हान्स यांचा भागाकार मात्र आजही रेडिओलॉजिस्टच्या अहवालात असतो. आता एमआरआयवर आणखी खुणा पाहतात. मेंदूच्या माथ्यावरच्या घड्या दाटीने चिकटलेल्या आणि कानशिलाजवळच्या फटी मात्र रुंद असतील, तर संशय बळावतो. मेंदू आकसला असेल तर घड्या सगळीकडेच रुंद होतात. एवढे पाहूनही शेवटी डॉक्टर रुग्णाला चालायला लावतात. वेळ मोजतात, पावले मोजतात. मग कमरेतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढतात आणि काही तासांनी पुन्हा चालवतात. चाल सुधारली तर शंटचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. सुधारली नाही तर उपयोग होणारच नाही, असेही ठामपणे म्हणता येत नाही.

शंटनंतरच्या स्कॅनकडे नातेवाईक फार आशेने पाहतात आणि बरेचदा हिरमुसतात. पोकळ्या पहिल्यासारख्याच मोठ्या दिसतात किंवा जेमतेम कमी झालेल्या असतात, आणि अहवालात पोकळ्या रुंद असल्याचे वाक्य तसेच असते. शस्त्रक्रिया फुकट गेली, असा त्याचा अर्थ नाही. पुष्कळ रुग्ण चित्र फारसे न बदलता चालू लागतात. नंतरचा स्कॅन मुख्यतः दोन गोष्टींसाठी काढतात. नळीचे टोक पोकळीत नीट बसले आहे ना, आणि पाणी गरजेपेक्षा जास्त वाहून मेंदू आणि कवटीच्या मध्ये पाणी किंवा रक्त साचले नाही ना. जास्त वाहत असेल, तर आताच्या काही झडपांचा दाब बाहेरून चुंबकाने कमी-जास्त करता येतो. हाकिम यांचे पुत्र कार्लोस यांचा त्या झडपेच्या निर्मितीत वाटा आहे. अशी झडप असलेल्याने एमआरआय काढण्यापूर्वी ते आवर्जून सांगावे आणि नंतर झडपेचा आकडा पुन्हा तपासून घ्यावा, कारण एमआरआयचे चुंबक तो बदलू शकते. झडपेचे कार्ड, शस्त्रक्रियेपूर्वीची सीटीची फिल्म आणि नंतरची फिल्म, तिन्ही एका पिशवीत ठेवावीत. पुढे ताप आला, डोके दुखू लागले किंवा चाल पुन्हा बिघडली आणि बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने नागपूर गाठायची वेळ आली, तर तिथला डॉक्टर सर्वांत आधी जुन्या आणि नव्या चित्रातल्या पोकळ्यांचा आकार शेजारी शेजारी ठेवून पाहतो.